दातात काय भरले, हे कागदावर लिहून देणारा दवाखाना

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील आमच्या तालुक्याच्या गावी गेल्या काही वर्षांत दातांचे दवाखाने बरेच वाढले असून ‘वेदनारहित’ आणि ‘अत्याधुनिक’ हे दोन शब्द जवळपास प्रत्येक पाटीवर वाचायला मिळतात. त्यांपैकी हा दवाखाना मी इतरांना सुचवतो, त्याचे कारण अगदी साधे आहे. येथे रुग्णाच्या दातात जो पदार्थ भरला जातो, त्याचे नाव, कंपनी, लॉट क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख केसपेपरवर लिहून मिळते, आणि त्या पदार्थाविषयी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याचे प्रश्न थोडे लांबतात. तरी डॉक्टर मॅडमनी ते टाळले नाहीत, हेही नोंदवायला हवे.

आपल्या भागात ‘केमिकल’ हा शब्द ऐकला की माणसे सावध होतात, आणि ते अकारण नाही. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण पाहण्याची सवय अनेकांना लागली. दातात भरायच्या पदार्थाची बाटली मात्र रुग्णाच्या नजरेस कधी पडत नाही. तो पदार्थ तोंडात दहा-पंधरा वर्षे राहणार असतो, त्यावरून रोज गरम चहा आणि आंबट वरण जाणार असते, आणि रुग्णाला त्याची ओळख असते ती ‘चांदी’, ‘सिमेंट’ किंवा ‘दातासारखा मसाला’ एवढीच.

हे पदार्थ बाजारात येण्यापूर्वी जैविक सुरक्षिततेच्या कसोट्यांतून जातात. वैद्यकीय उपकरणांसाठी आयएसओ १०९९३ आणि खास दंतवैद्यकासाठी आयएसओ ७४०५ ही मानके आहेत. पदार्थ पेशी मारतो का, त्वचेला किंवा श्लेष्मल आवरणाला त्याची ॲलर्जी होते का, ऊतीत ठेवल्यास दाह होतो का आणि प्रत्यक्ष दातात भरल्यास आतल्या मगजावर, म्हणजे आपण ज्याला ‘नस’ म्हणतो त्यावर, काय परिणाम होतो, अशा क्रमाने ती तपासणी चालते. भारतात हे पदार्थ २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात आणि परदेशातून आलेल्या मालाच्या वेष्टनावर आयात परवान्याचा क्रमांक असावा लागतो. या दवाखान्यात तो मी स्वतः वाचला. परंतु या सर्व चाचण्या एक गोष्ट गृहीत धरतात: पदार्थ ठरलेल्या प्रमाणात कालवला जाईल, ठरलेला वेळ त्याला प्रकाश मिळेल आणि तो कोरड्या दातात भरला जाईल. डब्यावर सुरक्षित ठरलेला माल तोंडात सुरक्षित राहतो की नाही, हे भरणाऱ्याच्या हातावर ठरते, आणि म्हणून या दवाखान्याचे परीक्षण मी मालापेक्षा हाताकडे पाहून केले आहे.

सुरुवात चांदीपासून करतो, कारण माझ्या स्वतःच्या खालच्या दाढेत ती पंचवीसेक वर्षांपासून आहे आणि मी मुळात ती काढून टाकण्याच्या इराद्याने गेलो होतो. जिला आपण चांदी म्हणतो, त्या अमाल्गममध्ये वजनाने सुमारे निम्मा पारा असतो; उरलेल्या भागात चांदी, कथील आणि तांबे असते. पूर्वी खलबत्त्यात ही भुकटी आणि पारा घोटून, जादा पारा कापडातून पिळून काढत, आणि त्यात रुग्णापेक्षा डॉक्टर व मदतनीसच अधिक पारा श्वासावाटे घेत. घट्ट झालेल्या अमाल्गममधूनही चावताना, दात घासताना आणि गरम पेय घेताना पाऱ्याची वाफ अत्यल्प प्रमाणात सुटत राहते. हे प्रमाण दिवसाला काही मायक्रोग्रॅम इतके असते आणि फिलिंग किती व केवढी आहेत त्यानुसार ते बदलते.

एवढे वाचून कोणीही घाबरेल. पण पुढचेही वाचायला हवे. अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात आणि पोर्तुगालमधील लिस्बन येथे शेकडो मुलांवर केलेले दोन मोठे अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाले. काही मुलांना अमाल्गम व काहींना रेझिनचे, म्हणजे दाताच्या रंगाचे, फिलिंग देऊन त्यांची अनेक वर्षे पाहणी झाली. अमाल्गम असलेल्या मुलांच्या लघवीत पारा अधिक आढळला. बुद्ध्यंक, स्मरणशक्ती आणि मज्जासंस्थेच्या कसोट्यांत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये गर्भवती, स्तनदा माता, सहा वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचे वा मज्जासंस्थेचे आजार असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले रुग्ण यांच्यासाठी अमाल्गम शक्यतो टाळावे असे सांगितले. त्याच वेळी, चांगल्या स्थितीतील जुने अमाल्गम केवळ भीतीपोटी काढू नये, असेही सांगितले. काढताना ड्रिलच्या उष्णतेने आणि धुळीने जी वाफ उठते, ती दातात गुपचूप बसलेल्या फिलिंगच्या रोजच्या वाफेहून कितीतरी जास्त असते.

मॅडमनी मला हेच सांगितले, आणि माझ्या मते या दवाखान्याची खरी परीक्षा येथेच झाली. जुनी चांदी काढून दातासारखे फिलिंग करून देणे हे पैशाचे काम आहे. मी तयार होतो, खिशात पैसे होते. त्यांनी फिलिंगची कड तपासली, क्ष-किरण चित्र काढले, खाली कीड नसल्याची खात्री केली आणि म्हणाल्या, “सर, हे अजून चांगलं आहे. याला हात लावायची गरज नाही.” गावातीलच दुसऱ्या एका ठिकाणी, जिथे मी आधी चौकशी केली होती, तेच फिलिंग ‘विषारी’ म्हणून त्याच दिवशी काढायची तयारी होती, आणि तिथे पाण्याचा फवारा व जोरदार सक्शन यांची व्यवस्था काय, या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. तिच्याही एका दाढेत लहानपणची चांदी आहे आणि कुठेतरी वाचून तिने तिचा धसका घेतला होता. तिलाही, बाळ अंगावर पीत असेपर्यंत ती जागा छेडायची नाही, असे स्पष्ट सांगण्यात आले. नवे अमाल्गम तर हा दवाखाना कोणालाच भरत नाही. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला, भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली, युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून दंत अमाल्गमचा वापर जवळपास बंद केला आणि कराराच्या सदस्य देशांनी त्याच वर्षी जिनिव्हात २०३४ ही जागतिक मुदत ठरवली. या निर्णयांमागे रुग्णाच्या तोंडातील वाफेपेक्षा नाल्यांत, नद्यांत आणि माशांत पोहोचणारा पारा हे मोठे कारण आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत सहसा येत नाही.

मुलीच्या दुसऱ्या दाढेतील लहान कीड हाताच्या अवजारांनी खरवडून तेथे ग्लास आयनोमर भरले. माझ्या आईच्या दातांच्या मुळांशी, हिरड्या खाली सरकल्याने उघड्या पडलेल्या भागात, हेच भरले आहे. हे ते ‘सिमेंट’. काचेची बारीक पूड आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल यांच्यापासून ते बनते. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते तयार केले. ते दाताच्या कॅल्शियमला स्वतःहून चिकटते, त्याला प्रकाश लागत नाही आणि ते घट्ट होताना फारसे तापत नाही. मगजाशी ते सौम्यपणे वागते, कारण त्यातील आम्लाचे रेणू मोठे असल्याने इनॅमलखालच्या दंतधातूच्या सूक्ष्म नलिकांतून फार आत शिरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. वीज नसलेल्या ठिकाणीही भरता येणारा हा पदार्थ ग्रामीण विदर्भासाठीच घडवला असावा असे वाटते, मात्र चावण्याचा जोर येणाऱ्या मोठ्या खड्ड्यात तो झिजतो आणि तुटतो.

ग्लास आयनोमरमधून फ्लोराइड सुटते, आणि येथे आमच्या भागाचा स्वतःचा प्रश्न उभा राहतो. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे. पिवळे-तपकिरी डाग पडलेले दात आणि वाकलेले गुडघे पाहिलेल्या माणसाला ‘यातून फ्लोराइड सुटते’ हे वाक्य जाहिरात न वाटता धमकी वाटते. माझ्यासमोरच एका मावशींनी विचारले, “मॅडम, पाण्यातलं फ्लोराइड काय कमी हाय, का आता दातात बी भरू रायले?” प्रश्न नेमका होता. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. लिटरला २ मिलिग्रॅम असलेले पाणी उन्हाळ्यात दिवसाला चार लिटर प्यायले, तर पोटात ८ मिलिग्रॅम जातात. एका फिलिंगमधून सुटणारे फ्लोराइड पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असते, नंतर झपाट्याने उतरते आणि मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागते. अस्थींना धोका बोअरच्या पाण्याने होतो. फिलिंगमधले फ्लोराइड शेजारच्या दाताला कीड लागू नये एवढ्याच कामाचे असते. मॅडमनी हे मावशींना इतके सविस्तर सांगितले नाही, पण घरी कोणते पाणी पिता, हे विचारून ते तपासून घ्यायला सांगितले.

कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे रेझिन, माझ्या पत्नीच्या दाढेत भरले आहे, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत अधिक बारकाईने पाहावे असे काम हेच आहे. त्यात काचेची किंवा सिलिकाची बारीक पूड असते आणि तिला बांधणारे बिस-जीएमए, टीईजीडीएमए यांसारखे मोनोमर असतात. निळ्या प्रकाशाने हे लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन कठीण जाळे बनते. तथापि ही जुळणी कधीच शंभर टक्के होत नाही. चांगल्या प्रकाशातही साधारण निम्मे ते तीन-चतुर्थांश दुवे जुळतात. न जुळलेल्या मोनोमरपैकी थोडा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांत बाहेर पडतो. तो पेशींना त्रासदायक असतो, आणि काहींना, विशेषतः हातमोज्यांतून आरपार जाणाऱ्या एचईएमए या मोनोमरमुळे खुद्द दंतवैद्यांना, त्याची ॲलर्जी होते. बिस-जीएमए बनवताना वापरले जाणारे बिस्फेनॉल-ए हे संप्रेरकांसारखे वागणारे रसायन सूक्ष्म प्रमाणात अशुद्धी म्हणून राहू शकते. भरल्यानंतर लगेचच्या लाळेत ते सापडते आणि मग प्रमाण घटते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये या रसायनाची सह्य मात्रा फार खाली आणली, त्यामुळे हा विषय यापुढे चर्चेत राहणार. सध्याच्या माहितीवर एका फिलिंगसाठी भिण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र जे काही सुटते ते कमी करण्याचे उपाय अगदी स्वस्त आहेत आणि ते केले जातात की नाही, हे रुग्णाला खुर्चीवर बसल्या बसल्या कळू शकते.

येथे ते केले जातात. पदार्थ एकदम न ठासता सुमारे दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरला आणि प्रत्येक थराला वेगळा प्रकाश दिला, कारण जाड थराचा तळ वरून कडक वाटला तरी आत अर्धवट मऊ राहतो आणि तोच भाग मगजाच्या जवळ असतो. प्रकाशाचा दिवा वापरण्याआधी छोट्या मापकावर धरून दाखवला. वाचन हजार मिलिवॅटच्या आसपास होते. दिव्याच्या टोकावर जुने रेझिन चिकटले असेल किंवा बॅटरी उतरली असेल, तर डोळ्यांना प्रकाश तितकाच निळा दिसतो आणि काम मात्र अपुरे होते. आमच्याकडे भारनियमन आणि पावसाळ्यातील तासन्‌तास जाणारी वीज पाहता, ही मोजणी चैनीची बाब नाही. शेवटी हवेच्या संपर्कामुळे पृष्ठभागावर न जुळलेला जो चिकट थर राहतो, तो घासून-पुसून पत्नीला भरपूर गुळण्या करायला लावल्या. पत्नीच्या दातांवर फ्लोरोसिसचे, म्हणजे जादा फ्लोराइडमुळे पडलेले, डाग असल्याने रेझिन चिकटावे म्हणून आम्ल लावण्यापूर्वी कडेचे इनॅमल थोडे घासले, कारण अशा इनॅमलचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही आणि फिलिंगची कड सुटण्याचा संभव वाढतो.

कड सुटणे हा शब्दशः जीवशास्त्राचा प्रश्न आहे. १९६५ मध्ये काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांचा मगज उघडा करून सोडला. साध्या उंदरांत तो सडला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र अन्नाचे कण अडकूनही तो जिवंत राहिला आणि जखमेवर नवा दंतधातू तयार झाला. पूर्वी फिलिंगच्या ‘विषा’वर ढकलला जाणारा मगजाचा दाह पुष्कळदा कडेच्या फटीतून शिरलेल्या जंतूंचा असतो, हे त्यानंतरच्या संशोधनाने दाखवले. त्यामुळे लाळेने ओल्या झालेल्या दातात घाईने भरलेले महागडे कॉम्पोझिट हे नीट भरलेल्या साध्या सिमेंटहून घातक ठरू शकते.

तात्पुरत्या फिलिंगबद्दल थोडक्यात सांगतो. झिंक ऑक्साइड आणि लवंग तेलातील युजेनॉल यांचा लगदा ठणका शांत करतो, पण उघड्या मगजावर थेट ठेवल्यास पेशींना मारतो आणि त्याचा अंश राहिल्यास वरचे रेझिन नीट घट्ट होत नाही. येथे मगजालगत कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरतात.

माझा पुतण्या खर्रा खातो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला हा प्रकार पानठेल्यावर दिवसभर विकला जातो आणि त्याने दातांचे माथे झिजतात, हे सर्वांना ठाऊक आहे. फिलिंगचा आणि त्याचा संबंध मला येथे कळला. पुतण्याचे तोंड दोन बोटांपेक्षा अधिक उघडत नाही, त्यामुळे मागच्या दाढेपर्यंत दिव्याचे टोक सरळ पोहोचत नाही आणि दात कोरडा ठेवणेही अवघड जाते. अशा तोंडात कॉम्पोझिट भरायला मॅडमनी नकार दिला, सिमेंट भरले आणि गालाच्या आतील पांढरट, ताठर पट्ट्यांच्या तपासणीसाठी त्याला नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जायला चिठ्ठी दिली. तो अद्याप गेलेला नाही. तो दोष दवाखान्याचा नव्हे.

आठवडी बाजारात चादर पसरून बसणाऱ्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण या दवाखान्यात येणारे अनेक जण आधी तेथे जाऊन आलेले असतात. ते दातात बाहेरून उष्णता न देता घट्ट होणारे ॲक्रिलिक भरतात किंवा त्याच्याच साहाय्याने नकली दात शेजारच्या दातांना कायमचा चिकटवतात. त्यात न जुळलेला मिथाइल मेथॅक्रिलेट हा मोनोमर बराच उरतो, घट्ट होताना ते तापते आणि खाली हिरडी सडत राहते. ‘नस मारायची’ पेस्ट हा आणखी भयंकर प्रकार आहे. आर्सेनिक वा पॅराफॉर्माल्डिहाइड असलेली ती पेस्ट कडेने झिरपली, तर हिरडीसह जबड्याचे हाड मरते. अशी पेस्ट या दवाखान्यात ठेवलेलीच नाही.

आता उणिवा. सिमेंटची पूड आणि द्रव मदतनीस मुलगी अंदाजाने घेते. सोबत येणारा मापाचा चमचा खोक्यातच पडून असतो. पातळ कालवलेले सिमेंट कमजोर आणि अधिक काळ आम्लधर्मी राहते, तेव्हा ही ढिलाई किरकोळ नाही, आणि बोलून दाखवल्यावर त्या वेळेपुरती सुधारणा झाली. रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून कोरडा ठेवणारा रबरी पडदा, सांगितल्याशिवाय लावत नाहीत. बहुतेक काम कापसाच्या बोळ्यांवर चालते. निळ्या दिव्यासमोर रुग्णासाठी नारिंगी चष्मा नाही. काढलेल्या जुन्या अमाल्गमचे तुकडे झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवतात, हे बरोबरच. पण सक्शनचे पाणी सरळ नालीत जाते आणि ती बाटली पुढे कोणाच्या हवाली करायची, याची सोय तालुक्यात झालेली नाही.

दर असे होते: सिमेंटचे फिलिंग ५०० रुपये, कॉम्पोझिट खड्ड्याच्या आकारानुसार ९०० ते १,२००, क्ष-किरण चित्र १५०. पावती मागावी लागत नाही. बाजाराच्या दिवशी गर्दीमुळे थर आणि वेळ पाळले जातील याची मला खात्री वाटली नाही, म्हणून कॉम्पोझिटचे काम असल्यास दुसरा वार निवडावा आणि रबर डॅमची मागणी आधीच करून ठेवावी. मी पाचपैकी चार गुण देतो. कापलेला गुण कालवण्याच्या अंदाजासाठी आणि नालीतल्या पाण्यासाठी आहे.